घरची हळद

सटवाजींचा सारा जन्म शिरड शहापूरच्या शिवारात दुसऱ्यांची हळद शिजवण्यात गेला. सत्तरीनंतर नजर गेली, आणि आपण आता घराला नुसतं ओझं झालो, असं त्यांना वाटू लागलं.

दोन हजार तीन साली मुलानं, धम्मदीपनं, पहिल्यांदाच स्वतःच्या एकरभर रानात हळद लावली. शिजवायच्या दिवशी सकाळीच सून करुणा खाटेजवळ आली.

"मामंजी, चला रानात."

"मला दिसत न्हाई, बाई. तिथं येऊन काय करू?"

"कढई कव्हा उतरायची, ते आमाला कुठं समजतं? तुमीच सांगा."

तिनं हाताला धरून त्यांना चुलाणाजवळ बसवलं. सटवाजींनी वाफेचा वास घेतला. "कच्ची हाय अजून. जाळ राहू द्या."

थोड्या वेळानं त्यांनी एक हळकुंड मागितलं, बोटांनी दाबलं, त्यात काडी टोचली. काडी अलगद आरपार गेली.

"व्हय, काढा आता!"

त्यानंतर प्रत्येक कढईला धम्मदीप आधी बापाला विचारायचा. दिवसभरात सहा कढया उतरल्या.

घरी निघताना सटवाजी सुनेला म्हणाले, "आजवर लोकांची शिजवली, आज घरची शिजवली. तू मला उठवून आणलंस, करुणा, लई बराबर केलंस."