भडगावच्या पाहुण्यांसमोर

आबांविषयी लिहायचं मी आजवर टाळत आलो. कोणी विचारलंच तर "जळगावचे एक आचारी होते, ओळखीचे," एवढं बोलून विषय बदलायचो. आता सत्तरी उलटली आहे, आणि हे माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं.

लग्नघरात आबांना तुम्ही पाहिलं असतं, तर पहिल्यांदा हसला असता. भाजी चाखण्याआधी ते कढईशी कान नेत. वाढपी मागून ओरडत असत, आबा मात्र ऐकत उभे. म्हणत, "कधी उतारनं ते वांगंच सांगस, भाऊ."

आमची ओळख अशाच एका लग्नात झाली. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सकाळपासूनच पीत असे. चुलतभावाच्या लग्नात, मंगळवारी भर दुपारी, सरपणाच्या ढिगामागे कोसळलो. घरच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. आबांनी मला सावलीत ओढलं आणि ताक पाजलं. शुद्धीवर येताच मी म्हणालो, "ऊन लागलं."

"असं ऊन मालेबी लागे, भाऊ. पावसाळामा बी लागे."

मग हळूच म्हणाले, "रविवारी दुपारी नगरपालिकेच्या शाळेत ये. दारू सोडलेली माणसं बसतात तिथं. बोललं नाही तरी चालतं."

मी गेलो. चौथीचा वर्ग, पोरांचे बाक. गुडघे हनुवटीला लागत होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी आपला सणासुदीलाच घेतो."

आबांनी चहा गाळता गाळता विचारलं, "मंगळवारी कोणता सण व्हता?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी विचारलं असतं, तर उठून गेलो असतो.

प्रत्येक नव्या माणसाला ते स्वतःची हकीकत सांगत, आणि ती कधी सौम्य करून सांगत नसत. धुळ्याला एका लग्नात ते पिऊन चुलीपाशी झोपले, डाळ करपली, वऱ्हाड उपाशी उठलं. त्यानंतर त्यांनी धुळं सोडलं. कामाच्या जागी आचाऱ्यांना बाटली द्यायची रीत होती. "मला पित्त होतं," म्हणून आबा ती परत करत आणि पिणाऱ्यांच्या शेजारीच उभं राहून स्वयंपाक पुरा करत.

वर्गात ऐकलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही, हा आमचा एकच कडक नियम. आबा तो इतका पाळत की बाजारात ओळखही दाखवत नसत. मी एकदा रागावलो, तर म्हणाले, "तुझ्यासोबत तुझा साहेब व्हता. आचारी कुठला ओळखीचा, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होतास?"

सुरुवातीच्या दिवसांत कचेरी सुटायच्या वेळी ते फाटकाबाहेर असत. मी या कडेने चालायचो, ते सायकल हातात धरून रस्त्याच्या पलीकडून. गुत्ता मागे पडला की सायकलवर बसून निघून जात. असं त्यांनी किती दिवस केलं, आठवत नाही. माझी दारू सुटली ती अशी.

पुढे त्यांच्या मुलीचं भडगावच्या एका माळकरी घरात जमलं. आबा म्हणाले, "आमच्याकडून चार शब्द बोलायला शिकलेलं कोणी नाही. साखरपुड्याला तू ये."

त्या दिवशी आबा नवी टोपी घालून बसले होते, पण जीव सगळा मागच्या चुलीकडे. दोनदा त्यांना धरून आणावं लागलं. मग मी बोलायला उभा राहिलो. मन भरून आलं होतं. मी म्हणालो, "हा माणूस एके काळी स्वतः दारूत बुडालेला होता. तिथून वर आला आणि माझ्यासारख्यांनाही वर काढलं."

मी कौतुकच करत होतो.

मुलाच्या वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला. "आबा, हे खरं का?"

भाऊची काही गफलत झाली, एवढं आबा म्हणू शकले असते. त्यांनी हात जोडले. "खरं शे, पाव्हना. आते पीत नई."

"कळवतो," म्हणून पाहुणे उठले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटली तेव्हा आबा फाटकाबाहेर होते. या खेपेला पलीकडे थांबले नाहीत, सरळ माझ्यापाशी आले.

"आज एकटा राहू नको."

"आबा, पोरीचं..."

"पोरीनं काय ते मी देखसू. तू आज पेवाले जाशी, माले माहीत शे. चाल."

खरंच मी गुत्त्याकडेच निघालो होतो.

आपण ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची, असं आमच्या वर्गात शिकवत. मी बायकोची मागितली, भावाची मागितली, जुन्या साहेबांच्या घरी जाऊन मागितली. आबांच्या शेजारी मात्र कित्येक रविवार नुसता बसलो.

मुलीचं लग्न झालं ते बऱ्याच वर्षांनी, सुरतेला, दोन मुलांच्या बिजवराशी. गुडघे गेल्यावर आबाही तिच्याकडे राहायला निघाले. तिकडेच ते वारले, हे मला फार उशिरा कळलं.

निघाले त्या दिवशी मी जळगावच्या स्टँडवर गेलो होतो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. आबा खिडकीपाशी होते, शेजारी न्यायला आलेली मुलगी.

ती म्हणाली, "काका, उगाच उन्हात आलात. तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. खिडकीचा गज धरला. आबा माझ्याकडे पाहत होते, घाई न करता. कंडक्टरने घंटी दिली.

"गाडी सुटी ऱ्हायनी, भाऊ. बाजूले व्हय."

आबा, माझं चुकलं. पोरी, तुझंही मी नुकसान केलं. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पोचल्यावर कळवा," आणि बाजूला झालो.