मिशरीचं बोट
शेजारी तव्यावर मिशरी भाजली की अजून माझी जीभ त्या दाताकडं धावते. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दात बसवताना हिरडीत हाडाची पूड भरून वर पातळ पडदा घालून हिरडी शिवली होती. तो पडदा उघडा पडला तर हाड धरणार नाही, मिशरी बंद, असं बजावलं होतं. आणि सहाव्या दिवशी सकाळी सवयीनं माझं मिशरीचं बोट हिरडीवर फिरलंच, जिभेला पडद्याची कड लागली. सुनेच्या गाडीवर बसून सणसरहून बारामती गाठली. बाईंनी विचारलं, "आजी, मिशरी लावली?" मी म्हटलं, "न्हाय बाई." "मग पांढरा पडदा काळा कसा?" सून खुदकन हसली, मला रडूच फुटलं. बाईंनी धुऊन दिलं. चार महिने जीव टांगणीला, पण हाड धरलं. आता त्याच दातानं भाकरी चावते, तरी तो वास आला की बोट पदरात गुंडाळून बसते.