यंत्र बिघडलं नव्हतं

लातूरच्या एका दवाखान्यात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव करायचं यंत्र आलं, तेव्हा उद्घाटनाला मला बोलावलं. नांदेडात मी वीस वर्षं मेंदूची ऑपरेशनं करत होतो. सोबत माझ्या हाताखालची डॉक्टर होती, मूळची जळकोटची.

"आता गेम खेळून सर्जन होणार म्हणा की!" मी भाषणात म्हणालो. लोक हसले.

मग आधी मलाच बसवलं. पडद्यावर मेंदूतली गाठ, दोन्ही हातांत अवजारं. दाबलं की बोटांना खऱ्यासारखं जाणवायचं. पाचेक मिनिटांत पडदा लाल झाला. शीर फुटली होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मशीनच बिघडलंय तुमचं," मी कंपनीच्या माणसाला सुनावलं. त्याच यंत्रावर त्यानं माझ्या हाताखालच्या डॉक्टरला बसवलं. तिनं अख्खी गाठ काढली, पडदा काही लाल झाला नाही. टाळ्या पडल्या, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "खेळ बरा जमतो हिला. खरा पेशंट असला की हात थरथरतात."

साफ खोटं. तिचा हात थरथरताना मी कधीच पाहिला नव्हता. ती मान खाली घालून ओढणी सारखी करत राहिली.

परतताना ती माझ्याच गाडीत होती. अहमदपूर गेलं, लोहा आलं. शेवटी मी विचारलं, "माझं काय चुकत होतं?"

"सर, रक्त ओढायची नळी तुम्ही शिरेला टेकवता. ऑपरेशनातपण."

"मग आधी सांगायचं न्हाई?"

"सांगितलं होतं सर. धर्माबादच्या मास्तरांच्या वेळेस. तुम्ही मला थिएटरबाहेर काढलं."

मला आठवलं. ती बाहेर गेली आणि थोड्या वेळात मास्तरांची शीर फुटली. ते वाचले, पण उजवा हात लुळा पडला. गाठच अवघड जागी होती, असं मी त्यांच्या बायकोला सांगितलं. "हाव साहेब, तुम्ही होता म्हणून वाचले," म्हणत ती बाई माझ्या पाया पडली होती. मी पडू दिलं.

"चुकलं माझं," मी गाडीत म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढं कित्येक रविवार मी लातूरला जाऊन शिकाऊ डॉक्टरांच्या रांगेत बसलो. हाताची खोड गेली. धर्माबादला जाऊन मास्तरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून काय करता, साहेब?"

यंदा ती नोकरीसाठी हैदराबादला गेली. निरोपाच्या कार्यक्रमात मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. लातूरला चारचौघांत खोटं बोललो होतो, ते चारचौघांत कबूल करायचं ठरवूनच उभा राहिलो होतो. ते वाक्य तेवढं निघालं नाही. खाली बसलो, तेव्हा ती टाळ्या वाजवत होती.