पोत्यांतलं गवत

जुळे सोलापुरात बंगल्यांची हिरवळ कापायचा धंदा मी ऐटीत सुरू केला. कापलेलं गवत टाकायचं कुठं, हे मात्र सुचलंच नव्हतं. घंटागाडी घेईना. अंगण पोत्यांनी भरलं, तशी बायको म्हणाली, "रविवारपर्यंत पोती हलवा, नाहीतर धंदा बंद करा!"

एक पोतं मी शेजाऱ्याच्या म्हशीपुढं ओतलं. कोंडून आंबलेल्या गवताकडं तिनं पाठच फिरवली. शेजारी म्हणाला, "न्हाय खात ती. तुमीच बघा की खाऊन!"

रविवारी दुपारी उरलेली पोती उचलायला गेलो, तर बायकोनंच अडवलं. तिनं थोडं गवत वाळवून मोगऱ्याच्या कुंड्यांत पसरलं होतं. एरवी दुपारीच माना टाकणारी रोपं ताठ उभी होती.

"खाली माती अजून ओली आहे, बघा. समोरच्या वहिनींना एक पोतं द्या, अन् मशीन घेऊन निघा कामाला."