लघवीत सापडलेलं प्रोटीन

"मॅडम, तुम्ही कुठली पावडर वगैरे घेता का?" रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टरांनी विचारलं.

मी "नाही" म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत माझी नणंद मंगलताई बसली होती. पावडरचा डबा तिनेच मला आणून दिला होता, आणि गेले पाच महिने मी रोज सकाळी ती पाण्यात घुसळून पीत होते. मंगलताईने पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"क्रिएटिनिन वाढलंय," ते म्हणाले. "आणि लघवीतून प्रोटीन जातंय."

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून बाहेर टाकते. तो रक्तात साचायला लागला की किडनीचं गाळणं मंदावलं असावं, असं समजतात. आणि प्रोटीन तर शरीराला हवं असतं, किडनीने ते अडवून धरायचं असतं. माझी किडनी नको ते ठेवत होती आणि हवं ते सोडत होती.

मी वडनेर भोलजीच्या शाळेत गणित शिकवते, राहते मलकापूरला. वय एकोणपन्नास. सहा वर्षांपासून साखरेची गोळी चालू आहे, दोन वर्षांपासून बीपीची. मुलांनी उत्तर बरोबर आणलं तरी मी रीत तपासते. ही सवय घरीही सुटत नाही. तरीही पाच महिने मी ती पावडर प्यायले, हे आधीच सांगून टाकते. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असाच डबा असेल, तर मी भोळी होते म्हणून फसले, असं त्यांनी समजू नये. मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

माझं वजन ब्याऐंशी किलो होतं. गुडघे दुखायचे. बसमध्ये चढताना दांडी धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. मंगलताईने तिच्या घराच्या पुढच्या खोलीत सकाळचं केंद्र सुरू केलं होतं. तिथे दहाबारा बाया यायच्या, वजन करायच्या, पावडर घुसळून केलेला शेक प्यायच्या. बाळंतपणानंतर अंगाने सुटलेली मंगलताई स्वतः वर्षभरात चांगली सडसडीत झाली होती. ती मला म्हणाली, "वहिनी, आपल्या जेवणात नुसती पोळी अन् भात. प्रोटीन कुठी आहे? मी सांगून राहिली, तीन महिने घेऊन पाहा."

मी डब्यावरचं सगळं वाचलं. मग विचारलं, "साखर असलेल्याने घेतलं तर चालतं का?"

तिने तिला डबे पुरवणाऱ्या वरच्या मॅडमना फोन लावला. त्या बाई स्पीकरवर म्हणाल्या, "हे औषध नाही ताई, आहार आहे. डॉक्टरांना विचारायची गरजच नाही."

हे वाक्य मला खटकलं होतं. जी गोष्ट इतकी निर्धोक आहे, ती विचारायला का नको? पण मी घेतलं. कारण सांगते. पाच महिन्यांत सात किलो उतरले. ते खोटं नव्हतं. सकाळी शेक घेतला की दुपारपर्यंत भूक लागायची नाही, मधल्या सुट्टीतले फरसाणाचे बकाणे बंद झाले. ब्लाऊज सैल झाले. स्टाफरूममध्ये बाया विचारायला लागल्या. मग खटकलेलं वाक्य मी विसरले.

चौथ्या महिन्यात संध्याकाळी पाय सुजायला लागले. चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटायचे. उभं राहून शिकवते म्हणून असेल, असं मी धरलं. लघवीला फेस यायचा. मंगलताई म्हणाली, "शरीरातली घाण निघून राहिली, वहिनी. चांगलं लक्षण आहे." मला ते पटलं नाही. पण वजनकाट्यावरचा आकडा खाली येत होता, आणि मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई.

शेवटी माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, माझ्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ते नगरपालिकेत कारकून आहेत, मार्चच्या कामात अडकलेले. म्हणून तपासणीला माझ्यासोबत मंगलताई आली. आणि म्हणून मी खोटं बोलले.

त्या दिवशी घरी आल्यावर प्रकाशला खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुले डॉक्टरसमोर सांगता काऊन नाही आलं?"

"तुमची बहीण बसली होती."

"किडनी तिची आहे का तुही?"

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी एकटी डॉक्टरांकडे गेले. डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "आणखी काय लपवलंय?"

"काहीच नाही."

"गुडघ्यासाठी काय घेता?"

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी मी रोज घेत होते, कधी दोन. ती मी औषधात धरलीच नव्हती. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती मला साधी वाटत होती. डब्यावर मी इतका संशय घेतला आणि त्या गोळीवर कधीच नाही. डॉक्टरांनी गोळी आणि पावडर दोन्ही त्याच क्षणी बंद केली आणि अकोल्याला नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

आता माझा संशय डॉक्टरांकडे वळला. लॅब त्यांच्याच गल्लीत. अकोल्यालाच का पाठवतात? मी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. नाव तेच, वय तेच, पण आधीचा रिपोर्ट दाखवला नाही. आकडा जवळपास तोच आला. प्रकाश म्हणाले, "तुले सारेच चोर काऊन दिसतात?" मला चोर सापडायला हवा होता, कारण तो सापडला असता तर रिपोर्ट खोटा ठरला असता.

शेवटी प्रकाश आणि मी अकोल्याला गेलो, तिथल्या दवाखान्यात सकाळपासून बसलो होतो. शेजारी नांदुऱ्याकडचे एक नवराबायको होते. नवऱ्याच्या दंडाला पट्टी होती. बाईने मला सहज विचारलं, "तुमचं डायलिसिस कधीपासून?" डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्राकडून करून घेणं. मी म्हटलं, "माझं नाही अजून." अजून हा शब्द माझ्या तोंडून कसा आला, ते कळलं नाही. मी उठून पाणी प्यायला गेले.

सोनोग्राफी झाली. लघवीची अल्ब्युमिनची तपासणी झाली. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन, ते लघवीत किती उतरतं त्यावरून किडनीच्या चाळणीला किती इजा झाली ते समजतं. किडनीच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळे कागद ओळीने लावले.

"साखर आणि बीपीने किडनी आधीपासून दुखावलेली असणार," त्या म्हणाल्या. "रोजच्या गोळ्यांनी भर घातली."

"आणि पावडर?"

"तिने किती केलं, ते मी सांगू शकत नाही. सुरू करण्याआधी तुमची तपासणीच झालेली नाही, मग तुलना कशाशी करू?"

"म्हणजे पावडर वाईट नाही?"

"ज्याची किडनी धडधाकट आहे त्याला ती बहुतेक पचेल. तुमच्या किडनीला जादा प्रोटीनचं ओझं नको. डब्यावर तुमचं नाव नव्हतं, मॅडम. तो सगळ्यांसाठी एकच होता."

मला याहून सरळ उत्तर हवं होतं. मंगलताईच्या तोंडावर फेकता येईल असं.

ते न मिळाल्याने मी दुसरीच गोष्ट केली. प्रोटीन नको म्हणजे नकोच. डाळ बंद, हरभरा बंद, दही बंद, दूध फक्त चहापुरतं. भाकरी, ठेचा आणि पातळ भाजीवर जेवण. वजन आणखी उतरलं. आता तर ते पावडरशिवाय उतरत होतं, म्हणून मला मनातून बरंच वाटत होतं. दीड महिना असा गेला.

एके दिवशी शाळेत मुलांबरोबर फरशीवर बसून अपूर्णांक शिकवत होते. कागदाच्या घड्या घालून तुकडे करत होतो. घंटा झाली आणि मला उठता येईना. पाय दुखत नव्हते. नुसतं बळच नव्हतं. दोन मुलींनी दोन्हीकडून धरून उठवलं. त्यांना वाटलं मॅडमना चक्कर आली. मी तसंच वाटू दिलं.

पुढच्या भेटीत किडनीच्या डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठा," त्या म्हणाल्या.

मला उठता आलं नाही.

"काय खाता?"

मी सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत त्या थांबल्या. "पावडर बंद करा म्हटलं होतं. डाळ बंद करा असं कोणी सांगितलं? हे उतरलेलं वजन चरबीचं नाही, स्नायूंचं आहे. तुम्ही स्वतःला उपाशी ठेवलंत."

प्रकाश शेजारीच होते. खाली पाहत म्हणाले, "मॅडम, इले कोणाचंच खरं वाटत नाही. स्वतःचं तेवढं वाटते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर चिडले नाही.

त्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझं वजन आणि रिपोर्ट पाहून ताट ठरवून दिलं. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, माझ्या घरच्या वाटीच्या मापाने. दुपारी दही. अंडं मी खात नाही, म्हणून कधी थोडं पनीर. भाकरीतही प्रोटीन असतं, हे मला तेव्हा कळलं. मीठ कमी, लोणचं बंद. आणि रोज चालणं, शिवाय खुर्चीवरून दहादा उठबस. नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत, ते वापरावे लागतात. हे माझं माप आहे, तुमचं नाही. ते उतरवून घेऊ नका, आपलं आपण मागून घ्या.

या सगळ्या काळात मंगलताईशी बोलणं बंद होतं. मी निरोप धाडला होता, तूही तपासणी कर. तिने प्रकाशला विचारलं, "वहिनीले माह्याविरुद्ध पुरावा पाहिजे का?" खरं तर हवाच होता. दोन वर्षं ती दिवसातून दोनदा तो शेक पीत होती. माझ्याहून तिचं जास्त बिघडलेलं असणार, अशी माझी खात्री होती.

एका रविवारी ती आली. न बोलता रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, साखर, सगळं ठीक. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझी निराशा झाली. माझ्या नणंदेची किडनी चांगली आहे म्हणून मी निराश झाले. ते लक्षात आल्यावर मी रिपोर्ट घडी करून तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले.

ती मागोमाग आली. "वहिनी, त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं तवा मी बोलली पाहिजे होती."

"मीच खोटं बोलले होते."

"तुम्ही माह्यासाठी बोलल्या. मी तर सोतासाठी गप्प बसली."

मी कणकेची परात तिच्यापुढे सरकवली. आम्ही दोघींनी मिळून पोळ्या केल्या.

पहिल्या रिपोर्टला आता आठ महिने झाले. क्रिएटिनिन थोडं खाली आलं आणि तिथेच थांबलंय. पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळलं तर बरीच वर्षं काढेल, असं डॉक्टर सांगतात. वजन शहात्तर आहे. फरशीवरून मी आता एकटी उठते. अजूनही मी प्रत्येक रिपोर्ट दोनदा तपासते, आणि जे डॉक्टर माझं खोटं ओळखूनही रागावले नाहीत, त्यांची मी ऋणी आहे. संशय घेणं मी सोडलेलं नाही. फक्त आता मनात ठेवत नाही, समोर विचारते, आणि उत्तर आवडलं नाही तरी पुरतं ऐकून घेते.

मंगलताईने केंद्र बंद केलं नाही. मला ते आवडत नाही आणि तिला ते माहीत आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. लोणारकडच्या सुलतानपूरहून लेकीकडे आलेली एक बाई केंद्रावर आली होती, साखरेची गोळी चालू असलेली. मंगलताईने तिला शेक न देता आधी किडनीची तपासणी करून यायला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"ते बाई चिडली, वहिनी. म्हणे, तिकडच्या दुसऱ्या केंद्रावर कोणी असं काही विचारत नाही. निंघून गेली."

"तपासणीला गेली, का त्या दुसऱ्या केंद्रावर?"

"काय माहीत," मंगलताई म्हणाली. "मी तिच्या लेकीचा नंबर घेऊन ठेवला आहे. उद्या लावतो."