रामटेकेवरचा राग

आमची पलटण तेव्हा उत्तरेच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. पहाटे चहा, हत्यारांची सफाई, मग पेट्रोलिंग. माझा जोडीदार नाईक रामटेके. तो पारशिवनीचा, मी उमरेडच्या विणकर घरातला.

एका पेट्रोलिंगवर कडा कोसळला आणि माझा उजवा पाय दगडाखाली सापडला. कमांडरने रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "वेदर खराब है. चॉपर नहीं आएगा. ओव्हर."

रामटेकेने मला पाठीवर घेतलं. बदली द्यायला पुढे आलेल्यांना शिव्या घालत तो बेसपर्यंत उतरला.

मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. "धावणं विसर," म्हणाले. रामटेकेला ते मान्य नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर तो मला ओढत मैदानावर न्यायचा. मी कळवळलो की म्हणायचा, "रड गा, पण धावत रड."

निवृत्तीनंतर मी हुडकेश्वरला राहायला आलो. तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात गेटवर गार्ड लागला. खुर्ची मिळाली आणि माणूस तिच्यातच मुरला. पोट सुटलं, शुगर आली. मी धावायला बोलावलं तर टाळायचा. एकदा त्याच्या बायकोसमोरच मी त्याला झापलं.

"आता काहून धावू गा?" तो म्हणाला. "कोण मागं लागलं आपल्या?"

गेल्या उन्हाळ्यात कारखान्यात आग लागली. वरच्या मजल्यावर परप्रांतातले मजूर कामावर होते. चोरी होऊ नये म्हणून जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. किल्ली गेटवर. रामटेके किल्ली घेऊन धावत जिना चढला, कुलूप काढलं. मजूर सगळे बाहेर पडले. तो पायरीवर बसला, तो उठलाच नाही. आग त्याला शिवलीही नव्हती. हृदय बंद पडलं होतं.

घाटावर मॅनेजर हार घेऊन आला. "वय झालं होतं," म्हणाला. माणसं कोंडून ठेवणारा मला वय सांगत होता. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवली.

पण त्याहून जास्त राग रामटेकेवर आहे. मला पाठीवर घेऊन डोंगर उतरलेल्या माणसाला एक जिना झेपू नये? वय माझंही तेवढंच आहे.

मी साठी ओलांडली. रोज धावतो. थंडीत पाय ठणकतो. मुलगी म्हणते, "बाबा, गुडघे जातील. चालत जा न." शेजारी विचारतात, तब्येतीसाठी का? मी हो म्हणतो. खरं तर वाटभर मी रामटेकेशी भांडत असतो. उद्या कोणी वरून हाक मारली तर मला चढता आलं पाहिजे, आणि उतरताही.

पलटणीच्या स्थापना दिवसाला आम्ही माजी सैनिक नागपुरात जमतो. सुभेदार साहेब शहिदांची नावं घेतात, आम्ही सावधान उभे असतो. यंदा शेवटचं नाव झाल्यावर मी म्हणालो, "नाईक रामटेके."

"तो तं रिटायर होता गा," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"कुलूप काढाले गेला तेव्हा नव्हता," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात नाव घेतलं, "नाईक रामटेके."

कोणी हललं नाही.