घरगुती कारण

ट्रॉलीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचे, आतून मूठभर कापूस काढून चिमटीत धागा ओढून पाहायचा आणि डोळे न उघडताच निकाल द्यायचा, ‘‘वाळला आहे जी. घ्या.’’ नाहीतर, ‘‘ओला आहे. तिकडल्या ढिगावर टाका.’’ तिकडला ढीग म्हणजे दुसऱ्या दर्जाचा. देवळीच्या आमच्या जिनिंगमध्ये काकाजींनी ग्रेडरचं हे काम बावीस वर्षं केलं. मी तिथेच ऑफिसात बाबू आहे. कापसाशी माझा संबंध नाकात जाईल तेवढाच.

ओलावा मोजायचं मशीनही आमच्याकडे आहे. शेठजींनी हौसेने आणलं, पण शेतकरी म्हणायचे, ‘‘मशीन शेठजीचं, बोटं काकाजीचे.’’ त्यामुळे मशीन कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बसून असे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचं, एवढंच त्याच्याकडून काम घेतलं जाई. आणि आवारात एक नियम होता. काकाजींचा शब्द एकदा पडला की फिरायचा नाही. शेठजींनीही फिरवायचा नाही, खुद्द काकाजींनीही नाही. एकाचा फिरवला तर उद्या सगळे भांडायला उभे राहतील, असं शेठजी म्हणायचे. शेठजींचं सगळंच म्हणणं शहाणपणाचं असतं, म्हणून तर ते शेठजी आहेत आणि मी बाबू आहे.

काकाजींना एक वाईट खोड होती. ते खरं बोलत. दारूची, जुगाराची खोड असती तर आम्ही सांभाळून घेतली असती, पण ह्या खोडीचं काय करायचं ते कुणालाच कळत नसे. सुटीचे अर्ज माझ्याकडून जातात. आमच्याकडच्या अर्जांवर विश्वास ठेवायचा तर देवळी तालुक्यात एकही म्हातारं माणूस शिल्लक नाही. मी स्वतः एकाच सासूला दोनदा पोचवून आलो आहे, आणि दोन्ही वेळा शेठजींनी मनापासून हळहळ व्यक्त केली. काकाजींचा अर्ज मात्र असा यायचा : ‘‘मेव्हण्याच्या घरी मटणाचा बेत आहे. सबब एक दिवसाची सुटी मिळावी.’’

‘‘काकाजी, तब्येत बरी नाही असं लिहा ना,’’ मी म्हणायचो.

‘‘काऊन जी? मी तर टणटण आहो. खोटं बोललं का लय लक्षात ठेवा लागते.’’

शेठजी तो अर्ज वाचून हैराण होत. खोटं कारण असतं तर झापता आलं असतं. मटणाला काय म्हणणार?

तसे टणटण ते फार दिवस राहिले नाहीत. साखर निघाली. आधी पायांना मुंग्या आल्या, मग चप्पल पायातून निघाली तरी समजेना. चार पावलं अनवाणी गेल्यावर कुणीतरी हाक मारून सांगायचं. दात तर केव्हाच गेलेले, म्हणजे सरकी चावून पाहायची सोयही उरली नव्हती. सगळी मदार बोटांवर. आणि ह्या वर्षी दिवाळीनंतर, ऐन हंगामात, बोटांनी हळूहळू अंग काढून घेतलं. हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनाही धड उमगलं नव्हतं. आज हवा गार आहे म्हणून असेल, असं ते स्वतःला समजावत. आयुष्यात एकदाच ते खोटं बोलले, आणि तेही स्वतःशी.

मग आंजी गावच्या एक बाई कापूस घेऊन आल्या. पहाटेची निघालेली ट्रॉली, वरच्या थराला दहिवर लागलेलं. काकाजींनी हात घातला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. डोळे उघडून त्यांनी वरच्या ओल्या थराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ओला आहे.’’

बाई ट्रॉलीवरून खालीच उतरल्या. ‘‘ओला? पंधरा दिवस अंगणात वाळवला म्या. आमच्या घरचा कापूस कोनी आजलोक ओला नाई म्हटला!’’ त्यांनी ट्रॉलीच्या तळातली सरकी काढली, दाताखाली धरली आणि फोडली. कट्ट असा आवाज आला. वाळलेल्या सरकीचाच तसा येतो. मी ऑफिसच्या खिडकीत होतो, मलासुद्धा ऐकू आला.

काकाजींनाही आला. पण शब्द पडलेला होता. बाईंचा कापूस तिकडल्या ढिगावर गेला. पैशापेक्षा चार गावच्या लोकांसमोर नाव गेलं, ह्याने बाईंचं तोंड उतरलं होतं. काकाजींनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगून मोकळे झाले. ‘‘शेठजी, माह्या बोटाले आता काईच समजून नाई राह्यलं. काल चांगला माल मी ओला म्हटला. माह्याकडून हे काम काढून घ्या.’’

शेठजींनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं माणसं पाहिलेला माणूस तो. असल्या बोलण्याला थोडाच भुलणार? ‘‘देखो काकाजी, सीधी बात करा. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यानं बोलावलं ना तुम्हाले?’’

काकाजींना कळेचना. आम्हा बाकीच्यांना मात्र लगेच कळलं. ऐन हंगामात ग्रेडर म्हणतो मला जमत नाही, ह्याचा अर्थ बालवाडीतलं पोरही सांगेल. शेठजींनी त्याच दिवशी पगार वाढवला. मी चहाच्या वेळी काकाजींचं अभिनंदन केलं, ‘‘भारी डाव टाकला.’’

‘‘पगार काऊन वाढवला जी?’’ ते खरोखर काळजीत पडले होते. ‘‘मी तर काम होत नाई म्हणून राह्यलो!’’

ते ऐकल्यावर त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुणावला. एवढ्यावरही भागत नाही, अजून ताणतोय गडी!

तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉलीत हात घालायलाच नकार दिला. ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेठजींनी त्यांना आत बोलावलं, मलाही बोलावलं आणि दार लावलं. काकाजी बसले नाहीत. म्हणाले, ‘‘बाबूजी, पोते शिवाची दाभण आणा.’’

मी आणली. त्यांनी उजवा हात टेबलावर पसरला, डोळे मिटले. ‘‘टोचा. कोनत्या बोटाले लागलं ते मी सांगतो.’’

मी शेठजींकडे पाहिलं. शेठजी म्हणाले, ‘‘टोचा.’’ नाटक संपवायचीच त्यांची इच्छा होती. मी तर्जनीला दाभण लावली, जराशी दाबली, मग अजून दाबली. काकाजी शांत उभे. ट्रॉलीशी उभे राहत तसेच, चेहरा थोडा वर केलेला.

‘‘टोचा ना जी,’’ ते म्हणाले.

रक्ताचा थेंब टेबलाच्या काचेवर पडला होता. ह्या माणसाचं मी चहावर अभिनंदन केलं होतं, ह्याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

शेठजीही पांढरे पडले. त्यांनी स्वतः उठून काकाजींना पाणी दिलं, बोटाला आपला रुमाल बांधला. मग ते सावरले. इतक्या लवकर सावरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ‘‘आणखी कोणाकोणाले सांगितलं हे?’’

तिथेच योजना ठरली. हंगाम संपेपर्यंत काकाजींनी नुसता हात घालायचा, डोळे मिटायचे. ट्रॉलीमागे बाबू मशीन लावून बसेल. वाळला असेल तर एकदा खोकायचं, ओला असेल तर दोनदा. मी लगेच मान हलवली. खोकण्याबद्दल वेगळं काही मिळेल का, असाही विचार मनात येऊन गेला.

‘‘आन् आंजीच्या बाईचा माल?’’ काकाजी म्हणाले. ‘‘दिवाळीपासून जेवढ्याहिचा मी पाह्यला, त्याहिले सांगा लागन ना जी.’’

शेठजींनी हात जोडले. म्हणाले, मग तुमची मर्जी.

संध्याकाळी काकाजी माझ्या टेबलाशी आले. काम सोडल्याची नोंद रजिस्टरात करायची होती. ‘‘बरोबर लिहा बाबूजी. बोटाले समजत नाई म्हणून काम सोडलं. बाई आली तर तिले दाखवता येईन.’’ शेठजींनी मला आधीच बोलावून कारण सांगून ठेवलं होतं. मी लिहिलं : घरगुती कारणास्तव.

पेन त्यांच्या बोटांतून दोनदा निसटलं. शेवटी मुठीत धरून त्यांनी सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. त्यांनी सांगितलेलंच मी लिहिलं असणार, असं ते धरून चालले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘येजा कधी घराकडं.’’ मी अजून गेलेलो नाही.

पंधरा दिवसांनी आंजीच्या बाई ऑफिसात आल्या. ‘‘काकाजी घरी आलते. बसनं आलते. म्हणे, तुमचा कापूस वाळलाच होता, माह्या बोटाले समजलं नाई. आता तुमी तसं मले लिहून द्या. चार लोकाहिले दाखवन मी.’’

शेठजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला म्हणाले, ‘‘बाबू, रजिस्टर दाखवा.’’

रजिस्टर मीच काढलं. पान मीच उघडलं. बाईंनी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, मग सही पाहिली.

‘‘सही तर त्याहिचीच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग एवढ्या दूर येऊन म्हातारा माह्याशी खोटं काऊन बोलला जी, बाबूजी?’’

शेठजी माझ्याकडे पाहत होते.

‘‘वय झालं त्यांचं,’’ मी म्हणालो.